श्वास रोखा, हलू नका

२ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलचं हे एक्स-रे रजिस्टर कोरंच राहून गेलं होतं. मशीन संगणकाला जोडलं तेव्हा कारकून ते रद्दीत घालणार होता, मी उचलून घरी आणलं. पानावर उभे रकाने छापलेलेच आहेत. अनुक्रमांक, नाव, भाग, फिल्मचा आकार, शेरा. एकतीस वर्षं या रकान्यांत लिहिलं. आता निवृत्त माणूस आहे, रकान्यांवरून आडवं लिहिलं तर कोण विचारणार?

लिहायला बसलो त्याचं कारण मुलगा. दर रविवारी चारला त्याच्या घरी जातो आणि सातला परत येतो. आज गेलो तर कळलं, त्याचा फोन बादलीत पडला आणि त्याच्याबरोबर भिंगरीचे सगळे फोटो गेले. पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं.

"गेले म्हणजे?"

"गेले म्हणजे गेले, बाबा. दुसरीकडे ठेवले नव्हते."

मग मी बोललो. म्हटलं, हॉस्पिटल कुणाच्याही मोडक्या बोटाचा फोटो पाच वर्षं सांभाळतं, आणि तुम्हाला पोटच्या पोरीचे चार वर्षं सांभाळता आले नाहीत. सून उठून आत गेली. मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं तुमचं?" खरं बोललं की नाकाला मिरच्या झोंबतात.

भिंगरी म्हणजे माझी नात. चार वर्षांची आहे. एका जागी पाय ठरत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. खरं नाव आता शाळेत हजेरीपुरतं.

परत येताना ठरवून टाकलं, कॅमेरा घ्यायचा. हजारो माणसांचे आतले फोटो काढले, बाहेरचा एकाचाही काढला नाही. आता निदान पुढची दहा-पंधरा वर्षं या पोरीचे नीट फोटो राहतील. ते काम तिच्या आईबापांच्या भरवशावर सोडायचं नाही.

४ फेब्रुवारी

बाजारामागच्या गल्लीत कॅमेऱ्याचं एक दुकान आहे. दुकान एक बाई चालवते. पन्नाशीची असेल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"कोणाचे फोटो काढायचेत, काका?"

"घरातल्यांचे."

"केवढे आहेत घरातले?"

"नात चार वर्षांची. बाकीचे आपापल्या वयाचे."

तिने हसू दाबलं आणि तळहाताएवढा एक कॅमेरा काचेवर ठेवला. "हा घ्या. खिशात राहतो. बटण दाबलं की लगेच फोटो निघतो. पोरं काही आपल्यासाठी थांबत नाहीत."

मी मोठा दाखवायला सांगितला. तिने दाखवला. लेन्स बदलता येते, कमी उजेडात फोटो चांगला येतो, वगैरे. पण म्हणाली, "जड कॅमेरा आठ दिवसांत कपाटात जातो. पहिला कॅमेरा सोबत नेला जाईल असा घ्यावा."

मी किती वर्षं याच धंद्यात काढली ते तिला सांगितलं. माझ्या फिल्मवर एकदाही कुणाचं हाड पुसट आलं नाही, हेही सांगितलं.

"तुमचे पेशंट पळत नसतील," ती म्हणाली.

जिभेला हाड नाही या बाईच्या. काही न घेता परत आलो.

७ फेब्रुवारी

छापील रकाने शेवटी कामी आले. त्यांवर नवी नावं लिहिली. वजन, झूम, कमी उजेडातला फोटो, बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ, बॅटरी, डोळा लावून बघायची खिडकी आहे की नाही. अकरा कॅमेरे झाले. दोन बाद केले, कारण त्यांची बटणं माझ्या बोटांना बारीक पडतील. एक बाद केला तो नुसता रंगामुळे. गुलाबी कॅमेरा घेऊन मी कुठे फिरू?

९ फेब्रुवारी, रविवार

मुलाला यादी दाखवली. त्याने वाचलीही नाही. "बाबा, कुठलाही घ्या. पण लवकर घ्या. या महिन्यातच घ्या."

ही घाई कशाची? ज्याने चार वर्षांचे फोटो बादलीत बुडवले त्याने मला घाई शिकवावी! तसं बोललोही.

टेबलावर पासपोर्ट आकाराचे फोटो पडले होते. तिघांचेही. मागे पांढरा पडदा, कान दिसतायत, कुणी हसत नाही. फोटो चांगले आले होते, भिंगरी तर चक्क स्थिर होती. कशाला काढले विचारलं तर सून म्हणाली, "शाळेसाठी लागतात." हल्ली शाळेला आईबापांचे फोटोही लागतात. उद्या आजोबांचाही मागतील.

भिंगरीचा एक फोटो मी उचलून खिशात घातला. मुलगा म्हणाला, "बाबा, मोजून काढलेत ते." मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असू दे. ठेवा तुम्ही."

एवढ्याशा कागदाला एवढा विचार करावा लागला त्याला.

१३ फेब्रुवारी

दुकानात तिसरी खेप. तीन कॅमेऱ्यांनी तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाचे फोटो काढले आणि भिंगाखाली धरून पाहिले. चष्मेवालीने मला स्टूल दिलं, चहाही दिला. मग म्हणाली, "काका, तुमचं ठरेपर्यंत नात पाच वर्षांची होईल."

मी म्हटलं, एकदाच घ्यायची वस्तू आहे, नीट पारखून घेऊ दे.

"पारखताना दिवस जातात ते कोणी देत नाही हो परत," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

विकणारी बाई आहे, तिला घाई असणारच.

१८ फेब्रुवारी

आज कपाट आवरताना हिची फिल्म हाताला लागली. हॉस्पिटलने मोडीत काढलेला व्ह्यू-बॉक्स मी घरी आणलाय, मागून उजेड देणारी ती काचेची पेटी. फिल्म तिच्यावर लावली आणि बसून राहिलो. माझ्या बायकोचा माझ्याजवळचा सगळ्यात मोठा फोटो हाच. एक लग्नातला आहे, त्यात मान खाली घातलेली. एक ओळखपत्रावरचा, त्यावर शिक्का नेमका नाकावर बसलाय.

सात वर्षं झाली. खोकला जाईना म्हणून मीच तिला मशीनसमोर उभी केली होती. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घे, रोख, हलू नकोस. फिल्म धुताना उजवीकडे वर डाग दिसला. बाहेर आलो तर बाकावर बसून विचारते, "काय दिसलं?" सगळ्यांना जे सांगत आलो तेच सांगितलं. रिपोर्ट डॉक्टर देतील. आमच्या कामाचा तो पहिला नियम आहे. फोटो काढणाऱ्याने निदान करायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. मी तिला म्हटलं, जुना खोकला आहे, जाईल हळूहळू. ती चार महिने जगली. मुलगा तेव्हा परगावी नव्या नोकरीवर होता, त्यालाही कळवलं नाही. शेवटचे आठ दिवस उरले तेव्हा बोलावून घेतलं. त्यावरून त्याने माझ्याशी वर्षभर धड बोलणं टाकलं होतं. पण सांगून काय झालं असतं? रोज रडारड झाली असती. त्यापेक्षा ते चार महिने बरे गेले. मी केलं ते बरोबर केलं, हे इथे लिहून ठेवतो.

त्याच दिवसांत ती एकदा म्हणाली होती, "आपण एक कॅमेरा घेऊ या का? निळ्या स्वेटरमधला माझा एक चांगलासा फोटो काढून ठेवा." मी म्हटलं, आधी बरी हो, गाल वर येऊ दे, मग काढू की. ती "बरं" म्हणाली आणि स्वेटर घडी करून ठेवून दिला.

फिल्म मात्र उत्तम आली होती. एकेक बरगडी मोजून घ्यावी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घेतला! मोठा घेतला, दोन लेन्स आणि तीन पायांचं स्टँड. चष्मेवाली शेवटपर्यंत त्या लहान कॅमेऱ्यावर बोट ठेवून होती. मग "तुमची मर्जी" म्हणाली आणि पट्टा स्वतः बांधून दिला. "गळ्यात ठेवा. हातातून पडायचा."

घरी स्वयंपाकघरातल्या बरण्यांचे चाळीस फोटो काढले. झाकणांवरचे ओरखडेसुद्धा स्पष्ट आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिला दिवस. बैठकीच्या भिंतीला पाठ लावून सगळ्यांना उभं केलं. मागे पुस्तकांचं शेल्फ, घड्याळ, खिडकीला पिवळे पडदे. उजेड डावीकडून. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा, हलू नका. मुलगा आणि सून छाती फुगवून उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे चेहरे. फोटो निघाला की मी सवयीने म्हणायचो, "घ्या आता श्वास."

भिंगरीला तो खेळच झाला. गाल फुगवून श्वास रोखायची आणि मी बटण दाबणार एवढ्यात पळायची. तीस फोटोंपैकी अठ्ठावीसमध्ये ती म्हणजे नुसता पट्टा आहे. उरलेल्या दोनांत ती नाहीच.

सून म्हणाली, "बाबा, आम्ही असेच बसतो ना गप्पा मारत, तुम्ही काढा."

मी म्हटलं, असंच बसायला कॅमेरा कशाला लागतो? पुढच्या रविवारी याच जागी, याच उजेडात पुन्हा. रविवार काही संपत नाहीत.

सून पडदा सारखा करायला लागली. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

२ मार्च, रविवार

तीच भिंत. भिंगरी थोडी कमी हलली. शेल्फ रिकामं दिसलं म्हणून विचारलं तर मुलगा म्हणाला, वाळवी लागली होती, पुस्तकं देऊन टाकली. वाळवीलाही हाच आठवडा सापडला! मला मागे काहीतरी भरलेलं हवं होतं.

निघताना सुनेने चार कुंड्या माझ्या हातात दिल्या. "तुमच्या गॅलरीत ऊन चांगलं येतं, बाबा. पाणी एक दिवसाआड." एवढ्या प्रेमाने ती माझ्याशी लग्नाच्या दिवशीही बोलली नव्हती.

भिंगरी कुठल्याशा भाषेत दहापर्यंत आकडे म्हणून दाखवते. मधेच म्हणाली, "आजोबा, तिकडे बर्फात चालायचे बूट असतात." मी विचारलं, कुठे गं? सून झटकन म्हणाली, "गोष्टीच्या पुस्तकात."

पुस्तकं तर वाळवीने खाल्ली ना? पण मी वाद घातला नाही. कुंड्या जड होत्या.

५ मार्च

फोटो छापून आणले. आमच्याकडे नियम होता, जुनी फिल्म आणि नवी फिल्म नेहमी शेजारी लावून बघायची. एकटी फिल्म फसवते. दोन रविवारचे फोटो जेवणाच्या टेबलावर शेजारी मांडले. डोळे, केस, कडा, सगळं भिंगाखाली तपासलं. आणि मग मागची भिंत बघितली.

पहिल्या रविवारी घड्याळ आहे, दुसऱ्या रविवारी नुसता खिळा. शेल्फ रिकामं. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडं दिसतंय, तिथलं शिवणयंत्र गेलंय. पेट्या ठेवायचं लाकडी कपाट गेलंय. ती खोली त्यांनी मोकळी केलीय.

निदान करणं टेक्निशियनचं काम नव्हे, हे मी नव्या माणसांना शिकवायचो. पण इथे फोटो माझे, घर माझ्या मुलाचं. आणि हे आंधळ्यालाही दिसेल. ते माझ्यासाठी जागा करतायत.

म्हणून सूनबाई गोड बोलते. म्हणून मुलगा मधेमधे तोंड उघडतो आणि मिटतो. कसं विचारावं ते त्याला कळत नाहीये. माझा स्वभावही असा, की विचारणाऱ्याला धाप लागते. मी आधी दोनदा नाही म्हणणार आहे. लगेच हो म्हटलं तर माणूस गळ्यात पडलेला दिसतो.

खरं लिहायचं तर आज जेवताना मी एकटाच हसत होतो.

७ मार्च

ताईचा फोन. माझी थोरली बहीण, चार तासांच्या अंतरावर राहते, पण आमच्या घरातलं सगळं तिला आधी कळतं. म्हणाली, "सुनेशी जरा गोड बोल रे. दिवस कुठे जास्त आहेत."

"कोणाचे?"

"आपले. म्हाताऱ्यांचे." मग घाईघाईने म्हणाली, "तुझ्याकडे स्वयंपाकाला बाई यायला लागली का?"

मुलाने कालच एका बाईचं नाव सांगितलं होतं, सोमवारपासून येईल म्हणून. ताईला ते कसं कळलं, देव जाणे. मी म्हटलं, आता कशाला बाई? थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. ताईने तिकडचा टीव्ही बंद केला. मग विचारलं, "तुला सांगितलं का त्याने?"

"सांगायला कशाला हवं? मला डोळे आहेत."

"आणि तू... बरा आहेस ना?"

"मी खूश आहे," म्हटलं. ताई रडायला लागली. या वयात तिला कशानेही रडू येतं.

९ मार्च, रविवार

खोकीच खोकी. सोफाही गेला, माझ्या सामानाला एवढी जागा! सगळ्यांना जमिनीवर बसवून फोटो घेतले. पडदे काढल्यामुळे उजेड मात्र फार सुंदर आला होता. खिडकीतून थेट भिंगरीच्या गालावर.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती कोपऱ्यातली खोली लांबी-रुंदीला केवढी आहे?"

मुलगा सुनेकडे बघायला लागला. "बाबा, तुमच्याशी बोलायचंय. कधीचं बोलायचंय."

मला कळलं. पण उजेड जायला लागला होता, आणि माझी नकाराची वाक्यंही अजून नीट बसली नव्हती. म्हटलं, "पुढच्या वेळी बोल. आता हलू नका, हा फोटो घालवू नका."

तो थांबला. श्वास रोखून उभा राहिला बिचारा. लहानपणीही असाच ऐकायचा.

१३ मार्च

ट्रंक काढली. कपडे, हिची फिल्म, व्ह्यू-बॉक्स, हे रजिस्टर शेवटी. घरमालकाला भेटून कानावर घातलं, की एप्रिलअखेर खोल्या रिकाम्या करीन. तो म्हणाला, मुलाकडे का? नशीबवान आहात. मी म्हटलं, त्यांचा फार आग्रह आहे, काय करणार.

अटी एका कागदावर लिहिल्या. सकाळचा चहा माझा मी करणार. टीव्हीचा आवाज कमी. भिंगरीला शाळेतून मी आणणार. शेवटची अट सगळ्यात आधी सांगायची.

१६ मार्च, रविवार

मुलाचा फोन, आज येऊ नका. सून भिंगरीला घेऊन माहेरी गेलीय, आईवडिलांना भेटायला. मागच्या महिन्यात तर जाऊन आली होती. असो. ट्रंकेला तेल लावलं, बिजागरी कुरकुरत होती.

२३ मार्च, रविवार

आज अटींचा कागद खिशात, कॅमेरा गळ्यात. दार उघडलं तर घरात आवाज घुमत होता. बसायला बॅगा होत्या. मी एका बॅगेवर बसलो आणि त्याने तोंड उघडायच्या आधीच म्हणालो, "मी आधीच सांगतो. कोपऱ्यातली खोली मला चालेल. पण भिंगरीला शाळेतून आणायचं काम माझं."

सुनेने तोंडावर हात ठेवला आणि आत गेली.

"कुठली खोली, बाबा?" मुलगा म्हणाला. आणि मग त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला. "बाबा, आम्ही जातोय. दहा तारखेला."

"कुठे?"

त्याने देशाचं नाव सांगितलं. नकाशात ते कुठे आहे ते मला माहीत आहे. विमानाला एक अख्खा दिवस लागतो.

"किती दिवस?"

"नोकरी घेतलीय तिकडे. परत यायचं... आत्ता काही सांगता येत नाही."

"कधी ठरलं?"

"सप्टेंबरमध्ये."

मी बोटांवर महिने मोजले. मुलगा उभाच होता. मी विचारलं, "आत्याला माहीत आहे?"

"हो."

"तुझ्या सासरच्यांना?"

"हो."

"म्हणजे सगळ्या गावाला माहीत. मला सोडून."

"सांगून काय झालं असतं, बाबा? तुम्ही दर रविवारी भांडला असतात. त्यापेक्षा हे सहा महिने बरे गेले. भिंगरी तुमची वाट बघायची."

हे वाक्य कुठेतरी ऐकलंय असं वाटलं. तेव्हा आठवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "मी बाप आहे तुझा! आणि मला आज सांगतोस? अठरा दिवस उरले असताना?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "मला आईचं आठ दिवस आधी सांगितलं होतंत."

भिंगरी आतून पळत आली, माझ्या गळ्यातला कॅमेरा ओढून म्हणाली, "आजोबा, श्वास रोखू?" मी म्हटलं, आज नको.

२४ मार्च

बरं वाटत नाही. कुंड्यांना पाणी घातलं.

२७ मार्च

घरमालकाकडे गेलो. खोल्या सोडत नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही, नुसती मान डोलावली. विचारलं असतं तर बरं, असं जिन्यावर वाटलं.

मग हे रजिस्टर पहिल्यापासून वाचलं. ते वाक्य सापडलं. अठरा फेब्रुवारी, माझ्याच अक्षरात. सांगून काय झालं असतं. ते चार महिने बरे गेले.

आणि त्याच्याच खाली निळा स्वेटर. सात वर्षं ते मी असं आठवत होतो, की तिला फोटोची हौस आली. हौस कसली? आयुष्यभरात तिने माझ्याकडे कधी एक रुमाल मागितला नाही. तिला माहीत होतं. त्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघितलं तेव्हाच तिला कळलं असणार. मी फिल्म वाचत होतो आणि ती मला. चार महिने ती मला सांभाळत होती, मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय. तिने एक फोटो मागितला, आणि मी म्हणालो, गाल वर येऊ दे.

हे मला कुणाला सांगायचंय आणि सांगायला कोणी नाही. मुलाला सांगू? तो म्हणेल, मला आधीच माहीत होतं.

२ एप्रिल

मोठा कॅमेरा स्टँडसकट पिशवीत घालून दुकानात नेला. चष्मेवालीने पिशवी बघितली आणि काही न विचारता तो लहान कॅमेरा काढून काचेवर ठेवला. जिंकल्याचा आनंद तोंडावर दिसेल असं वाटलं होतं, दिसला नाही.

"नात फार पळते का?" एवढंच विचारलं.

"फार लांब पळते," मी म्हणालो.

६ एप्रिल, रविवार

शेवटचा रविवार. लहान कॅमेरा नेला होता, काढला नाही. असेच बसलो, जमिनीवर, गप्पा मारत. सून म्हणाली होती तसेच. मुलाला म्हटलं, तुझ्या आईच्या बाबतीत माझं चुकलं. तो बराच वेळ एका खोक्याच्या दोरीची गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "ती दोरी द्या जरा."

दिली. याहून जास्त मी त्याच्याकडून मागणार तरी काय? मीच शिकवलेला आहे.

१० एप्रिल

सकाळी दहाला टॅक्सी आली. ताई विमानतळावर परस्पर जाणार होती. मी येत नाही म्हटलं. दारातूनच निरोप दिला.

लहान कॅमेरा सुनेला देणार होतो. त्याआधी एक फोटो आपल्यासाठी घ्यावा आणि कार्ड काढून ठेवावं म्हणून भिंगरीला फाटकाशी उभं केलं. नवा जाड कोट, इथल्या उन्हात कपाळावर घाम. जिभेवर तेच जुनं आलं. "श्वास रोख. हलू नकोस."

आणि ती हलली नाही. पहिल्यांदाच. हात बाजूला, हनुवटी वर, गाल फुगवलेले. दीड महिना मी जे मागत होतो ते सगळं दिलं तिने. पडद्यावर ती इतकी स्पष्ट आली, की पापण्या मोजाव्यात. पासपोर्टच्या फोटोत आहे तशी. माझ्या खिशात तो होताच.

मला पळणारी हवी होती. त्या अठ्ठावीस फोटोंतली. ते फोटो मी मार्चमध्ये मेमरी कार्डवरून पुसून टाकले, हलले म्हणून.

बोट बटणावर होतं. मुलगा टॅक्सीत बॅगा चढवत होता, सून माझ्याकडे बघत होती. मी किती वेळ तसाच उभा राहिलो ते माहीत नाही. पोरीचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती जागची हलली नाही. शेवटी ओठ न उघडता, नाकातून पुटपुटली, "आजोबा, आता घेऊ श्वास?"

"घे," मी म्हणालो. "घे, बाळा, घे."

कॅमेरा बंद करून सुनेच्या हातात दिला. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत भिंगरी मागच्या काचेतून हात हलवत होती.